सेंद्रिय कर्ब ०.५२ वरून ०.६१ झाला, पण जमिनीत खरंच वाढला का?

मृदगंध

कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर तीन वर्षांचा प्रयोग मांडायचा आहे: मशागत आणि पीक अवशेष यांचा जमिनीतल्या सेंद्रिय कर्बावर होणारा परिणाम. कच्चा आराखडा असा आहे.

ट्रीटमेंट चार: नेहमीची नांगरट, कमी मशागत, कमी मशागत आणि सगळे अवशेष शेतातच, नांगरट आणि हेक्टरी १० टन कंपोस्ट. पुनरावृत्त्या तीन, म्हणजे १२ प्लॉट. ० ते १५ सेंमीचा नमुना, वॉकली-ब्लॅक पद्धत (डायक्रोमेटने कर्ब जाळून मोजायची), आणि तिसऱ्या वर्षीच्या काढणीनंतर टक्केवारीची तुलना.

या विषयावरचे बरेच प्रबंध एकाच धाटणीच्या वाक्यावर थांबतात: "सेंद्रिय कर्ब ०.५२ वरून ०.६१ टक्के झाला, म्हणजे कर्बाचं स्थिरीकरण झालं." हे वाक्य जाणकार परीक्षकासमोर टिकवायचं तर आराखड्यात आत्ताच काय बदलावं? पेरणीला अजून एक हंगाम आहे, त्यामुळे मुळापासून बदल सुचवले तरी चालतील. माती भारी, काळी, भेगा पडणारी आणि थोडी चुनखडीची आहे.

खोल_नांगरट

आधी एकक बदला, मग खोली.

टक्केवारी हे प्रमाण झालं, साठा नाही. हेक्टरी साठ्यासाठी कर्बाची टक्केवारी, बल्क डेन्सिटी (मातीची घनता, ग्रॅम प्रति घनसेंमी) आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार करायचा, उत्तर थेट हेक्टरी टनात येतं. ०.६० × १.३० × १५ = ११.७ टन.

आता कमी मशागतीच्या प्लॉटकडे बघा. नांगर फिरला नाही की वरचा थर बसतो. समजा बल्क डेन्सिटी १.३० ची १.४५ झाली आणि टक्केवारी ०.६० वरच राहिली. साठा येतो १३.०५ टन. कागदावर १.३५ टन वाढ, आणि जमिनीत नवा कर्ब शून्य. माती दाबली गेल्यामुळे त्याच १५ सेंमीत हेक्टरी १९५० टनांऐवजी २१७५ टन माती मोजली गेली, एवढाच त्याचा अर्थ. जास्तीची २२५ टन माती खालच्या थराची आहे, ती नांगरटीच्या प्लॉटमध्ये मोजलीच गेलेली नाही.

म्हणून तुलना समान खोलीवर करू नका, समान वजनाच्या मातीवर करा. दाबलेल्या प्लॉटमध्ये १९५० टन माती १३.४५ सेंमीतच भरते (१९५० ÷ १४५). प्रत्येक प्लॉटसाठी वरून खाली मातीचं साठत जाणारं वजन आणि साठत जाणारा कर्ब असे दोन रकाने मांडा आणि सगळ्या प्लॉटना एकाच वजनाला कापा. मधला आकडा काढायला निदान दोन थर वेगवेगळे हवेत: ० ते १५ आणि १५ ते ३०.

३० सेंमीचं दुसरंही कारण आहे. नांगर अवशेष खाली गाडतो, कमी मशागतीत ते वरच राहतात. फक्त वरचे १५ सेंमी मोजले तर कमी मशागत जवळजवळ नेहमीच सरस दिसते, कारण नांगरटीच्या प्लॉटमधला कर्ब खालच्या थरात असतो आणि तो कोणी मोजलेलाच नसतो. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही खोली ३० सेंमी धरली आहे, आणि बदल स्थिरावायचा काळ २० वर्षं. तीन वर्षांच्या प्रबंधाने हा दुसरा आकडा नजरेसमोर ठेवलेला बरा.

ब्युरेटवाला

खोल_नांगरट यांच्याशी पूर्ण सहमत. पण त्याहूनही आधी एक हिशोब करून बघा: अपेक्षित बदल केवढा आणि मोजायच्या काट्याची कुवत केवढी?

पॅरिसच्या २०१५ च्या हवामान परिषदेत '४ प्रति हजार' हा उपक्रम मांडला गेला: जमिनीतला कर्ब दरवर्षी ०.४ टक्क्याने वाढवायचा. ०.६० टक्के, १.३० घनता आणि ३० सेंमी धरले तर साठा २३.४ टन. त्याचे ०.४ टक्के म्हणजे वर्षाला ०.०९४ टन, तीन वर्षांत ०.२८ टन.

आता वॉकली-ब्लॅकचं सूत्र घ्या. ब्लँकला (माती न घातलेल्या फ्लास्कला) २० मिली एफएएस (फेरस अमोनियम सल्फेट) लागलं, माती १ ग्रॅम घेतली, आणि ब्युरेट वाचताना ०.१ मिलीची चूक झाली. फरक पडतो ०.०१५ टक्क्यांचा. तोच ३० सेंमीवर नेला की हेक्टरी ०.५८५ टन. म्हणजे ब्युरेटच्या एका बारीक रेघेत तीन वर्षांच्या अपेक्षित वाढीची दुप्पट मावते.

यावरून पद्धत टाकाऊ ठरत नाही. १९३४ पासून ती टिकून आहे. पण एका नमुन्याच्या एका फ्लास्कवर विसंबून "वाढ झाली" असं म्हणता येत नाही. बारीकसारीक चुका कुठे होतात ते लिहितो, कारण हे प्रात्यक्षिकाच्या वहीत सहसा नसतं.

माती २ मिमी चाळणीतून गेली की तिचा थोडा भाग पुन्हा घोटून ०.५ मिमीतून काढा. १ ग्रॅम मातीत २ मिमीचे कण असले तर मुळाचा एक तुकडा सगळा आकडा हलवतो. घोटताना लोखंडी खलबत्ता नको. लोखंडाचा कीस डायक्रोमेट खातो आणि कर्ब खोटाच जास्त दिसतो. पोर्सिलीन किंवा अगेट वापरा.

५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये १ ग्रॅम माती, १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट (लिटरला ४९.०४ ग्रॅम) १० मिली, मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल २० मिली. हे आम्ल झटकन ओता, मिनिटभर फिरवा. या पद्धतीत बाहेरची आच नाही. आम्ल पाण्यात मिसळताना जी उष्णता सुटते तीच कर्ब जाळते, तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. आम्ल थेंबथेंब सोडलं, बाटली उघडी राहून आम्लाने हवेतला ओलावा ओढला, किंवा फ्लास्क थंड फरशीवर ठेवला की उष्णता कमी पडते आणि कर्ब कमी दिसतो. फ्लास्क लाकडी फळीवर ठेवा. बरोबर ३० मिनिटं. सगळ्यांना एकदम आम्ल घालू नका. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने घाला, म्हणजे टायट्रेशनही त्याच अंतराने येतं आणि प्रत्येकाला सारखाच वेळ मिळतो.

मग २०० मिली पाणी, १० मिली ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल, १ मिली डायफिनिलअमाइन आणि ०.५ नॉर्मल एफएएस. (फॉस्फोरिकऐवजी सोडियम फ्लोराइड अनेक ठिकाणी वापरतात. आम्लात त्याचं हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, ते काचेलाही खातं आणि माणसालाही घातक आहे. टाळा.)

रंगाकडे नीट बघा. सुरुवातीला मळकट तपकिरी, मग गढूळ निळा-जांभळा. हा जांभळा दिसला की तोटी जवळजवळ बंद करा. पुढे एकेका थेंबावर जांभळा रंग पातळ होत जातो आणि मग एकाच थेंबाला सगळा फ्लास्क स्वच्छ बाटलीसारखा हिरवा होतो. भारी काळ्या मातीचा गाळ तरंगत असला तर हा क्षण निसटतो. पांढरा कागद खाली ठेवा, मागून दिवा लावा. थेंब जास्त पडलाच तर ०.५ मिली डायक्रोमेट घालून पुन्हा टायट्रेट करा आणि ते ०.५ हिशोबात धरा.

आम्ल घातल्याबरोबर फ्लास्क हिरवा झाला किंवा पाऊण भागापेक्षा जास्त डायक्रोमेट खर्च झालं, तर तो आकडा वहीत घेऊच नका. ०.५ ग्रॅम माती घेऊन पुन्हा करा.

१.३ च्या गुणकाचंही सांगतो. पद्धतीत सरासरी ७७ टक्के कर्बच जळतो असं धरून तो लावतात. लावा किंवा लावू नका, पण प्रबंधात स्पष्ट लिहा आणि पहिल्या व शेवटच्या वर्षी एकच धोरण ठेवा. सुरुवातीचा नमुना गुणकाशिवाय आणि शेवटचा गुणकासह असं झालं तर काही न करताच ३० टक्के 'वाढ' मिळते.

दोन_मिमी

+१. ओलाव्याची दुरुस्ती राहिली. हवेत वाळलेल्या भारी मातीत ६ टक्के ओलावा सहज असतो. बल्क डेन्सिटी ओव्हनमध्ये वाळवलेल्या वजनावर आणि कर्ब हवेत वाळलेल्या वजनावर, असा गुणाकार चालत नाही. ओव्हनमधल्या कोरड्या मातीच्या १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम पाणी असेल तर ०.६० चे ०.६४ होतात. प्रत्येक नमुन्याची १० ग्रॅम माती १०५ अंशांवर वाळवून तिचा ओलावा काढून ठेवा.

मृदगंध

फार उपयोगी. दोन शंका. भेगा पडणाऱ्या काळ्या मातीत बल्क डेन्सिटी घ्यायची कशी? कोरड्या दिवसांत रिंग (नमुना घ्यायची धातूची कडी) जात नाही, ओलीत घेतली तर आकडा वेगळाच येतो. आणि फ्लास्कमधली माती टाकायची कुठे? विषय पर्यावरणाचा आणि क्रोमियम बेसिनमध्ये, हे मनाला पटत नाही.

खोल_नांगरट

बल्क डेन्सिटीचं मी सांगतो, क्रोमियमवर ब्युरेटवाला यांनी लिहावं.

काळी माती ओलाव्याप्रमाणे फुगते-आकसते, त्यामुळे ओलावा न सांगता दिलेल्या घनतेला अर्थ नाही. कोरड्यात भेगांच्या मधलं ढेकूळ तेवढं रिंगमध्ये येतं, भेग येत नाही, आणि घनता भलतीच जास्त दिसते. सगळे प्लॉट एकाच ओलाव्याला गाठा: चांगला पाऊस किंवा पाणी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, भेगा मिटलेल्या असताना. सगळ्या पुनरावृत्त्या एकाच दिवशी होत नसतील तर एक पुनरावृत्ती पूर्ण करूनच थांबा. अर्धी आज, अर्धी चार दिवसांनी नको. तरीही ओलाव्यात फरक राहिला तर वर सांगितलेली समान वजनाची तुलना तो बऱ्यापैकी सावरून घेते.

रिंग ५ सेंमी व्यासाची आणि ५ सेंमी उंचीची असेल तर आतलं आकारमान ९८.२ घनसेंमी. धार बाहेरच्या बाजूने घासलेली हवी, आतल्या बाजूने असेल तर माती दाबली जाते. ० ते १५ च्या थरासाठी एकाखाली एक तीन रिंगा घ्या. मधली एकच घेऊन पूर्ण थराला लावू नका, कारण घनता खोलीनुसार बदलते.

हातोडा थेट रिंगवर नको. वर लाकडी ठोकळा ठेवा आणि हलके ठोके द्या. आतली माती बाहेरच्या मातीपेक्षा खाली गेलेली दिसली तर ती दाबली गेली आहे. ती रिंग सोडून शेजारी नवी घ्या. काढताना बाजूची माती खुरप्याने मोकळी करून रिंगच्या खालून पातं घाला, रिंग बाहेर आलेल्या जास्तीच्या मातीसकट उचला आणि मग दोन्ही तोंडं सुरीने काठाबरोबर छाटा. भारी माती सुरीला चिकटून ओढली जाते आणि काठाजवळ खळगा पडतो. त्या खळग्यातून ५ ग्रॅमचं ढेकूळ गेलं तर घनतेत ०.०५ चा फरक, आणि ०.६० टक्के कर्बाला १५ सेंमीत ०.४६ टनांचा. छाटताना सुरी ओढायची नाही, करवतीसारखी पुढे-मागे चालवायची.

१०५ अंशांवर २४ तास, मग वजन. १.३० घनतेची रिंग साधारण १२७.६ ग्रॅम भरते. खडे असतील तर वाळल्यावर २ मिमीतून चाळा आणि फक्त बारीक मातीचं वजन पूर्ण रिंगच्या आकारमानाने भागा. कर्ब बारीक मातीतच मोजलेला असतो, त्यामुळे साठ्यासाठी हाच आकडा बरोबर बसतो.

ब्युरेटवाला

क्रोमियमचा हिशोब. एका फ्लास्कमध्ये ०.४९ ग्रॅम डायक्रोमेट जातं, त्यात ०.१७३ ग्रॅम क्रोमियम. ब्लँकही धरायचे. १०० फ्लास्क म्हणजे १७.३ ग्रॅम क्रोमियम आणि साधारण २६ लिटर आम्लयुक्त पाणी.

हिरव्या टोकापर्यंत नेलेल्या फ्लास्कमध्ये सहा संयुजेचं, म्हणजे खरं घातक क्रोमियम जवळजवळ उरलेलं नसतं; एफएएसने त्याचं तीन संयुजेचं केलेलं असतं. घातक असतं ते पिपेट धुतलेलं पाणी, सांडलेलं, जुनं उरलेलं डायक्रोमेट आणि मध्येच सोडून दिलेले फ्लास्क. नेमकं हेच बेसिनमध्ये जातं. त्यासाठी झाकणाचा वेगळा प्लास्टिक कॅन ठेवा आणि त्यावर ठळक लिहा.

त्या कॅनमध्ये सामू २ च्या आसपास असताना सोडियम बायसल्फाइट किंवा उरलेलं एफएएस घाला. नारिंगी छटा पूर्ण जाऊन हिरवा रंग स्थिर व्हायला हवा. बायसल्फाइटने सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून फ्यूम हूडमध्ये. मग हे आणि टायट्रेशनचे फ्लास्क एकत्र करून विझवलेल्या चुन्याची निवळी नव्हे, दाट कालवण हळूहळू घाला, ढवळत राहा, सामू ८ ते ८.५ पर्यंत आणा. एका फ्लास्कला साधारण ३५ ते ४० ग्रॅम चुना लागतो, कारण २० मिली सल्फ्युरिकबरोबर फॉस्फोरिकही आहे. घाई केली तर तापतं आणि उडतं. कॉस्टिक सोडा वापरून सामू १० च्या पुढे नेऊ नका, क्रोमियमचा साका पुन्हा विरघळायला लागतो.

रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ वाळवून घातक कचऱ्याच्या डब्यात साठवा आणि अधिकृत विल्हेवाटीला द्या. हा गाळ पाहायला साधा हिरवट-तपकिरी चिखल असतो. म्हणून तो कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा बांधावर टाकायचा मोह होतो. अजिबात नको: मातीतले मँगनीजचे ऑक्साइड तीन संयुजेच्या क्रोमियमचं पुन्हा सहा संयुजेचं करू शकतात. जाळणं त्याहून वाईट, चुन्याबरोबर तापलं की क्रोमेटच तयार होतं.

पाचट

मग मफल फर्नेसच का वापरू नये? माती जाळायची, वजनातली घट मोजायची. रसायन नाही, क्रोमियम नाही, एका वेळी ३० क्रुसिबल. पर्यावरण विभागाला हेच शोभतं.

दोन_मिमी

वालुकामय मातीत जरूर करा. मृदगंध यांची माती भारी काळी आहे, तिथे अडचण चिकणमातीच्या स्फटिकातल्या पाण्याची. ५५० अंशांवर तेही पाणी उडतं आणि सगळं सेंद्रिय पदार्थाच्या नावावर जमा होतं. सेंद्रिय पदार्थ १ टक्का आणि चिकणमातीचं पाणी त्याच्या कितीतरी पट, अशी गत. ३६० अंशांवर दोन तास ठेवलं तर त्रास कमी होतो, जात नाही. चुनखडी मोडायला याहून जास्त तापमान लागतं, त्यामुळे ३६० ला ती आड येत नाही.

त्याच प्रक्षेत्रातल्या निदान ३० नमुन्यांवर दोन्ही पद्धती करून नातं बसवलं तर वर्षावर्षाची देखरेख फर्नेसवर करता येईल. पण अंतिम साठा त्यावर ठरवू नका.

सीएचएन यंत्र (नमुना जाळून कर्ब, हायड्रोजन आणि नत्र मोजणारं) उपलब्ध असेल तर ते सर्वांत चांगलं, मात्र ते एकूण कर्ब देतं, चुनखडीतला धरून. मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर आधी चांदीच्या कॅप्सूलमधली माती आम्लाच्या वाफेत ठेवून चुनखडी घालवावी लागेल, नाहीतर अजैविक कर्ब वेगळा मोजून वजा करावा लागेल. वॉकली-ब्लॅकचा मोठा गुण हाच की ती चुनखडी मोजत नाही. अवगुण असा की कोळसाही नीट मोजत नाही. बायोचारचा प्रयोग असेल तर ती पद्धत चुकीची.

सरासरी_आणि_विचलन

तीन पुनरावृत्त्यांबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

५ टक्के पातळीवर आणि ८० टक्के खात्रीने फरक पकडायचा तर प्रत्येक ट्रीटमेंटला साधारण १६ भागिले फरकाचा वर्ग इतके प्लॉट लागतात. फरक प्रमाण-विचलनाच्या पटीत धरायचा. उलटं सोडवलं तर तीन पुनरावृत्त्यांत प्रमाण-विचलनाच्या २.३ पट फरकच पकडता येतो. सहांत १.६ पट. आणि हे सूत्र लहान प्रयोगाला उदारच आहे.

चार ट्रीटमेंट, तीन पुनरावृत्त्या: त्रुटीच्या (एररच्या) स्वातंत्र्यमात्रा ६. तीन ट्रीटमेंट, सहा पुनरावृत्त्या: १०. एक ट्रीटमेंट सोडा आणि बाकीच्यांना न्याय द्या, असा माझा आग्रह आहे. चार अर्धवट उत्तरांपेक्षा दोन नीट तुलना हातात आलेल्या बऱ्या.

एका प्लॉटमधून १५ ठिकाणची माती घेतली म्हणजे १५ पुनरावृत्त्या झाल्या असं समजू नका. ती सगळी मिळून एक. पण १५ ठिकाणं घ्याच, नागमोडी चालत, कडेचा १ मीटर सोडून, ओळीतली आणि दोन ओळींमधली दोन्ही. वरचा सुटा पालापाचोळा बाजूला करा, माती खरवडू नका. एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकी परत. ५०० ग्रॅम ते १ किलो उरेपर्यंत.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट: प्रयोग सुरू होण्याआधी प्रत्येक प्लॉटचा वेगळा नमुना. संपूर्ण शेताचा एक नव्हे. जमीन आधीच सारखी नसते. प्लॉट ७ मध्ये पहिल्या दिवशीच कर्ब जास्त असेल तर तिसऱ्या वर्षी ट्रीटमेंटला श्रेय जाईल. सुरुवातीचा आकडा सहचल (कोव्हेरिएट) म्हणून विश्लेषणात घ्या, त्रुटी बरीच खाली येते.

आणि ती सुरुवातीची माती संपवू नका. हवेत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आत पेन्सिलीने लिहिलेलं कार्ड टाका, बाहेरचं लेबल उडतं. तिसऱ्या वर्षी पहिली आणि शेवटची माती एकाच दिवशी, एकाच एफएएसने टायट्रेट करा. म्हणजे तीन वर्षांतला रसायनांचा, हवामानाचा, माणसांचा फरक वजाबाकीत निघून जातो. रोज एक पुनरावृत्ती पूर्ण करा. दिवसांमधला फरक मग ब्लॉकमध्ये, म्हणजे पुनरावृत्तीत जातो, ट्रीटमेंटला लागत नाही.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचा ब्रॉडबाल्क प्रयोग १८४३ पासून चालू आहे आणि तिथे जुन्या नमुन्यांचा साठा जपलेला आहे. नवी पद्धत आली की जुनी मातीच पुन्हा मोजता येते. तिथल्याच हूसफील्डमध्ये १८५२ ते १८७१ शेणखत दिलं आणि बंद केलं. शंभरावर वर्षांनीही त्या पट्ट्यात कर्ब कधीच खत न दिलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त आहे. कर्ब चढतोही सावकाश आणि उतरतोही सावकाश, हे बरणीतल्या मातीमुळेच सिद्ध करता आलं.

पाचट

फर्नेसचा मुद्दा मागे घेतो, नातं बसवण्यापुरता ठेवू. पण ट्रीटमेंट सोडायची तर कंपोस्टची सोडू नका. कर्ब सर्वांत जास्त तिथेच वाढतो.

खोल_नांगरट

वाढतो, म्हणूनच जपून. कंपोस्टमधला कर्ब दुसऱ्या कुठल्यातरी शेतातून आलेला असतो. १० टन कंपोस्ट, निम्मं पाणी, कोरड्या भागात समजा ३० टक्के कर्ब, म्हणजे वर्षाला १.५ टन कर्ब बाहेरून आणून टाकला. तीन वर्षांत ४.५ टन टाकून साठा १ टनाने वाढला तर ते स्थलांतर आहे. हवेतून किती निघाला हे सांगायचं तर ते कंपोस्ट इथे आलं नसतं तर त्याचं काय झालं असतं, हेही मांडावं लागेल. ट्रीटमेंट ठेवा, पण "टाकलेल्या कर्बापैकी किती टिकला" असा प्रश्न विचारा. त्यासाठी प्रत्येक खेपेचा ओलावा, कर्ब आणि नत्र मोजा.

नत्राचंही बघा. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण १२ ला १ असतं, म्हणजे १ टन कर्ब टिकवायला ८० किलोंच्या वर नत्र लागतं. ते येतं कुठून? खतातून आलं तर नायट्रस ऑक्साइड निघतो. २००६ च्या आयपीसीसी डिफॉल्टप्रमाणे दिलेल्या नत्राचा १ टक्का. १०० किलो नत्राला १.५७ किलो नायट्रस ऑक्साइड, २७३ ने (त्याची तापमानवाढ कार्बन डायऑक्साइडच्या तितकी पट) गुणून ४२९ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ११७ किलो कर्ब. ब्युरेटवाला यांनी काढलेली वर्षाची वाढ ९४ किलो होती. नत्राची मात्रा ट्रीटमेंटमध्ये सारखी ठेवा, नाहीतर हा हिशोबही प्रबंधात द्या.

मृदगंध

हे सगळं धरलं तर तीन वर्षांत एकूण कर्बात फरक दिसणारच नाही असं वाटतं. मग विद्यार्थ्याने मोजायचं काय?

दोन_मिमी

जो भाग लवकर हलतो तो. परमँगनेटने ऑक्सिडाइज होणारा कर्ब, सगळे पॉक्सी म्हणतात. २.५ ग्रॅम हवेत वाळलेली माती, ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट २० मिली (०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये, सामू ७.२), दोन मिनिटं जोरात हलवा, १० मिनिटं स्थिर ठेवा, वरचं ०.५ मिली घेऊन ५० मिली करा, ५५० नॅनोमीटरला वाचा. जितका जांभळा रंग फिका, तितका कर्ब जास्त.

यात वेळ हाच जीव. दोनाची तीन मिनिटं झाली की आकडा वाढतो, म्हणून एका वेळी १० नळ्यांपेक्षा जास्त नको आणि हातात स्टॉपवॉच हवं. परमँगनेट उजेडात बिघडतं, तपकिरी बाटलीत ठेवा. क्रोमियमचा प्रश्न इथे नाही.

दुसरं, ५३ मायक्रॉनच्या चाळणीवर राहणारा सेंद्रिय पदार्थ. लिटरला ५ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या द्रावणात माती रात्रभर हलवून चाळायची, वर राहिलेलं वाळवून त्यात कर्ब मोजायचा. अवशेषांची ट्रीटमेंट इथे लवकर दिसते. मात्र "लवकर हलणारा भाग वाढला" एवढंच लिहा. तो टिकेल की नाही हे त्यातून ठरत नाही.

मृदगंध

सर्वांचे आभार. बदललेला आराखडा:

ट्रीटमेंट तीन (नांगरट, कमी मशागत आणि अवशेष, नांगरट आणि कंपोस्ट), पुनरावृत्त्या सहा, १८ प्लॉट. नत्र सगळीकडे सारखं, कंपोस्टमधलं धरून. थर ० ते १५ आणि १५ ते ३०, दोन्हींची घनता, तुलना समान वजनाच्या मातीवर. पेरणीआधी प्रत्येक प्लॉटचा नमुना, १ किलो बरणीत. तिसऱ्या वर्षी रोज एक पुनरावृत्ती: ३ ट्रीटमेंट, २ थर, जुनी व नवी माती, प्रत्येकाचे दोन फ्लास्क मिळून २४, वर ३ ब्लँक आणि प्रयोगशाळेची एक ओळखीची माती. २८ फ्लास्क, सहा दिवसांत १६८. क्रोमियम २९ ग्रॅम, पाणी ४४ लिटरच्या आसपास. ५० लिटरचा कॅन आणि ७ किलो चुना आधीच मागवणार. पॉक्सी दरवर्षी काढणीनंतर.

सरासरी_आणि_विचलन

"कमी मशागत आणि अवशेष" एकत्र ठेवलंत तर परिणाम मशागतीचा की अवशेषांचा हे वेगळं सांगता येणार नाही. चालेल, पण प्रबंधाच्या शीर्षकातही दोन्ही एकत्रच लिहा. वेगळं करायचं असेल तर कंपोस्ट काढून "नांगरट आणि अवशेष" घ्या. हे पेरणीआधी ठरवा.

ब्युरेटवाला

कॅन ५० लिटरचा एक नको. चुना घातल्यावर जिप्समचा गाळ फुगतो आणि ढवळायला जागा राहत नाही. ३० लिटरचे दोन घ्या, प्रत्येकी २२ लिटरच्या वर भरू नका. आणि तो ओळखीच्या मातीचा नमुना एकदाच ५ किलो तयार करून, घोटून, चाळून ठेवा; तीन वर्षं पुरला पाहिजे.

मृदगंध

मार्गदर्शकांशी बोलून कंपोस्ट काढायचं ठरलं. तिसरी ट्रीटमेंट आता नांगरट आणि अवशेष. कॅन ३० चे दोन.